सैन्यभरती: जायचे की नाही, आणि जायचे तर कोणत्या पदावर

सैन्यात जायचे का, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा दहावी-बारावीच्या निकालानंतर घरात निघतो आणि सुट्टीवर आलेल्या भावकीतल्या एखाद्या फौजीला विचारून तो निकालात काढला जातो. त्या फौजीचा अनुभव खराच असतो, पण ज्या अटींवर तो भरती झाला त्या अटी आता राहिलेल्या नाहीत. १४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली आणि शिपाई पदाच्या बहुतेक जागा चार वर्षांच्या मुदतीच्या झाल्या. पंधरा-सतरा वर्षे नोकरी, नंतर आयुष्यभर पेन्शन, हा आपशिंगे मिलिटरी किंवा सैनिक टाकळीसारख्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशेब नव्या मुलाला थेट लागू होत नाही. म्हणून आधी आजच्या अटी समजून घ्याव्यात आणि मगच मैदानावर घाम गाळावा.

काम हवे की सरकारी नोकरी

स्वतःला पहिला प्रश्न असा विचारावा की गावातला मान, कडक गणवेश आणि कॅन्टीनचे कार्ड बाजूला ठेवले, तरी हे काम मला करावेसे वाटते का? पहाटेची पीटी, परेड, रात्रीची ड्यूटी, तेच काम शंभर वेळा तितक्याच काटेकोरपणे करणे आणि हुकूम पटला नाही तरी तो पाळणे हे फौजेतले रोजचे जगणे आहे. अग्निवीराला, म्हणजे अग्निपथमधून भरती झालेल्या जवानाला, वर्षाला तीस दिवस रजा मिळते; ती दिवाळीत मिळेल की बहिणीच्या लग्नात, हे युनिटच्या गरजेवर ठरते. स्वतःच्या मर्जीने नोकरी मधेच सोडता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत वरिष्ठांच्या मंजुरीनेच बाहेर पडता येते. कॉलेजात एनसीसी असेल तर तिच्या एका वार्षिक शिबिराला जाऊन यावे. तिथे कंटाळा आला म्हणून कोणी नालायक ठरत नाही, परंतु शिबिराचे दिवस मोजणाऱ्या मुलाने हा विचार पुन्हा एकदा तपासून पाहावा.

ज्यांना मुळात गावाजवळची, कायमची सरकारी नोकरी हवी आहे, त्यांनी ते मोकळेपणाने कबूल करावे. त्यात कमीपणा काहीच नाही. अशांसाठी पोलीस भरती अधिक सरळ आहे. तिथे खुल्या गटाला २८ आणि मागास प्रवर्गांना ३३ वर्षांपर्यंत वय चालते, तर अग्निवीराची वयोमर्यादा योजना आली तेव्हा साडेसतरा ते एकवीस अशी ठरली होती (चालू वर्षाची मर्यादा त्या वर्षीच्या अधिसूचनेतच पाहावी). १६०० मीटरचा सराव दोन्हीकडे कामी येतो. त्यामुळे दोन्ही मार्ग मनात असलेल्याने वय हातात आहे तोवर सैन्याचा प्रयत्न करावा आणि पोलीस भरती मागे ठेवावी. उलट क्रमाने गेल्यास सैन्याचे वय निघून जाते.

अकॅडमीची फी भरण्याआधी शरीर तपासा

मला सर्वांत जास्त वाईट वाटते ते वर्ष-दोन वर्षे धावून, लेखी परीक्षा काढून, ग्राउंड मारून शेवटी मेडिकलला बाहेर पडणाऱ्या मुलांचे. त्यांतली पुष्कळशी कारणे पहिल्याच आठवड्यात घरी कळण्यासारखी असतात. पाय ओले करून कोरड्या शहाबादी फरशीवर उभे राहावे. तळपायाचा ठसा आतल्या बाजूने वळलेला न दिसता सपाट, अखंड उमटला, तर पायाला कमान नसण्याची शक्यता असते. पाय सरळ ठेवून गुडघे एकमेकांना टेकवून उभे राहावे. गुडघे टेकूनही दोन्ही घोट्यांत बरेच अंतर राहत असेल तर गुडघ्यांचा दोष असू शकतो. हात सरळ खाली सोडून तळवे पुढे केल्यावर कोपरातून हात फार बाहेर वळतो का, तेही पाहावे. रंगांधळेपणा नेत्रतज्ज्ञाकडे ठिपक्यांच्या तक्त्यांवर काही मिनिटांत कळतो. कानातला मळ, हायड्रोसील, पोटऱ्यांवरच्या फुगलेल्या शिरा यांसारख्या गोष्टींवर वेळेत इलाज करून घेता येतो, मात्र त्यासाठी त्या भरतीच्या आधी माहीत असाव्या लागतात. गोंदवून घेतलेले चित्र कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूला किंवा तळहाताच्या मागच्या बाजूला असेल तर चालते, दंडावर किंवा छातीवर असेल तर सर्वसाधारण उमेदवाराला अडचण येते. घरची तपासणी हा केवळ अंदाज आहे, हे लक्षात ठेवून शंका आली की डॉक्टरांना दाखवावे आणि त्यानंतरच फीचे पैसे भरावेत.

उंचीचे तसेच आहे. जनरल ड्यूटीसाठी महाराष्ट्रातल्या उमेदवाराला १६८ सेंटिमीटर लागते, क्लार्कसाठी १६२ पुरते. सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर कमी पडणाऱ्याने लटकण्याच्या व्यायामावर वर्ष घालवण्यापेक्षा दुसऱ्या पदाकडे वळावे.

चार वर्षांचा हिशेब कागदावर मांडा

अग्निवीराचे मासिक पॅकेज पहिल्या वर्षी ३०,०००, दुसऱ्या वर्षी ३३,०००, तिसऱ्या वर्षी ३६,५०० आणि चौथ्या वर्षी ४०,००० रुपये आहे. यातले ३० टक्के दरमहा सेवा निधीत कापले जातात, म्हणजे पहिल्या वर्षी हातात २१,००० आणि चौथ्या वर्षी २८,००० येतात. राहण्याजेवणाचा खर्च जवळजवळ नसल्याने ही रक्कम दिसते त्यापेक्षा मोठी असते. चार वर्षांत कापले गेलेले ५.०२ लाख आणि सरकारने घातलेले तितकेच मिळून १०.०४ लाख होतात. त्यावर व्याज मिळते आणि आयकर लागत नाही. सेवाकाळात ४८ लाखांचा विमा असतो. पेन्शन आणि ग्रॅच्युइटी मिळत नाही.

तुकडीतल्या जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीरांना पुढे नियमित सेवेत घेतले जाते. त्या पंचवीस टक्क्यांत आपण असणारच, असे धरून कोणीही घर बांधायला काढू नये किंवा कर्ज उचलू नये. निर्णय उरलेल्या पंच्याहत्तर टक्क्यांत आपण असू, असे गृहीत धरून घ्यावा. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी दहा लाखांहून अधिक रक्कम, शिस्त आणि चार वर्षांचा अनुभव घेऊन परत येण्याची कल्पना तेव्हाही बरी वाटत असेल, तर खुशाल जावे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दले आणि आसाम रायफल्समध्ये माजी अग्निवीरांसाठी १० टक्के आरक्षण २०२२ मध्येच जाहीर झाले आहे, आणि सेवेत असताना इग्नूची पदवी पूर्ण करण्याची सोयही आहे. ही पदवी पहिल्या वर्षापासूनच सुरू करावी, कारण चौथ्या वर्षी पुस्तक उघडणाऱ्याला वेळ उरत नाही. पहिल्या अग्निवीरांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस पूर्ण होतात. त्यांच्यापैकी ओळखीचे कोणी असेल तर भावकीतल्या जुन्या फौजीपेक्षा त्याचा सल्ला अधिक उपयोगी पडेल.

शिपाई पदांतली निवड

दहावीला एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ गुण असले की जनरल ड्यूटीचा, म्हणजे ‘जीडी’चा अर्ज भरता येतो, आणि म्हणूनच बारावी सायन्स झालेली मुलेही मित्रांच्या नादाने तोच भरून मोकळी होतात. माझ्या मते ही सर्वांत महाग पडणारी घाई आहे. टेक्निकल पदासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि इंग्रजी घेऊन एकूण ५० व प्रत्येक विषयात ४० टक्के लागतात; क्लार्क व स्टोअरकीपर पदासाठी बारावीला एकूण ६० टक्के लागतात आणि टायपिंगची चाचणीही द्यावी लागते. हे गुण ज्याच्याकडे आहेत त्याने चार वर्षांनंतर बाहेर कोणते कौशल्य विकता येईल, याचा विचार आधी करावा. वाहनदुरुस्ती, संदेशयंत्रणा, भांडारव्यवस्था यांना कारखान्यांत आणि गोदामांत गिऱ्हाईक आहे. केवळ संत्रीड्यूटीच्या अनुभवावर बाहेर मिळते ती बहुधा सुरक्षारक्षकाची नोकरी. २०२५ पासून एका उमेदवाराला दोन पदांसाठी अर्ज करता येतो आणि लेखी परीक्षा मराठीतूनही देता येते. त्यामुळे पात्र असलेल्याने टेक्निकल किंवा क्लार्क आणि सोबत जीडी असे दोन अर्ज भरावेत. ट्रेड्समनमध्ये स्वयंपाकी, मेसची व्यवस्था अशी कामे येतात. काही ट्रेडना आठवी उत्तीर्णही चालतो.

एक पद मात्र आपल्याकडे फारसे कोणाला माहीतच नसते. नर्सिंग असिस्टंट हे पद अग्निपथच्या बाहेरचे, नियमित सेवेचे आहे. बारावीला जीवशास्त्र, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि इंग्रजी घेतलेल्या आणि मेडिकलचे प्रवेश हुकलेल्या मुलांनी जीडीच्या रांगेत उभे राहण्याआधी या पदाची अधिसूचना वाचावी. फार्मसीची पदविका किंवा पदवी असणाऱ्यांसाठी शिपाई फार्माची नियमित भरती असते.

एवढे सांगूनही जीडीला नावे ठेवण्याचा हेतू नाही. ज्याला मैदान, हत्यार आणि पलटणीची सोबत मनापासून हवी आहे, त्याला वर्कशॉपमध्ये बसवणे ही शिक्षाच ठरेल. इन्फंट्रीत, म्हणजे पायदळात, फील्ड (सीमेवरचा किंवा खडतर भाग) आणि पीस (शांत छावणी) अशी आळीपाळीने पोस्टिंग होते, फील्डमध्ये सियाचीनसारख्या ठिकाणीही जावे लागते. बेळगावचे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र, नाशिक रोडचे तोफखाना केंद्र, खडकीचे बॉम्बे इंजिनिअर ग्रुप, कामठीचे गार्ड्‌सचे केंद्र आणि अहिल्यानगरचे मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचे केंद्र आपल्या आसपासच आहेत. पण भरती झाल्यावर कोणत्या केंद्रात जायचे हा निर्णय सर्वस्वी आपल्या हातात नसतो.

मैदानी चाचणीत १६०० मीटर ५ मिनिटे ३० सेकंदांच्या आत पूर्ण केल्यास ६० गुण आणि दहा पुलअप्सना ४० गुण मिळतात. नऊ फुटी खड्डा आणि तोल सांभाळत चालण्याची झिगझॅग फळी फक्त पार करायची असते, त्यांना गुण नसतात. लेखी परीक्षा आता ग्राउंडच्या आधी होते, तेव्हा धावण्यात पटाईत आणि पेपरात कच्चा असा मुलगा मैदानापर्यंत पोहोचतच नाही.

अधिकारी होण्याचा विचार आधी का नाही?

महाराष्ट्रातून जवान जातात त्या मानाने अधिकारी कमी जातात, आणि यासाठीच राज्य सरकारने १९७७ साली तेव्हाच्या औरंगाबादेत सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट सुरू केली. दहावीनंतर तिथे प्रवेश घेऊन दोन वर्षे एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करता येते. देशातले पहिले सैनिक स्कूलही १९६१ साली साताऱ्यातच उघडले. तरीही एनडीए जिथे आहे ते खडकवासला पुण्याच्या शेजारी असून ती परीक्षा आपल्यासाठी नाही, अशी समजूत खेड्यांत घट्ट बसली आहे. प्रत्यक्षात एनडीएची परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि साडेसोळा ते साडेएकोणीस या वयात चार-पाच संधी सहज मिळतात. लेखी परीक्षा ९०० गुणांची असते, त्यात गणिताचे ३००. तेवढ्याच ९०० गुणांची एसएसबीची, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाची, मुलाखत पाच दिवस चालते. लष्कराच्या शाखेला बारावीची कोणतीही शाखा चालते, हवाई दल आणि नौदलाला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित लागते. म्हणून अकरावीत गणित सोडण्याआधी दहादा विचार करावा.

पदवीनंतर अधिकारीपदासाठी सीडीएस ही परीक्षा आहे, हवाई दलासाठी एएफकॅट ही परीक्षा आहे, आणि एनसीसीचे ‘सी’ प्रमाणपत्र असणाऱ्यांसाठी लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबीला जाण्याचा मार्ग आहे. नाशिक रोड येथे सैनिक कल्याण विभागाचे केंद्र सीडीएस आणि एसएसबीची मोफत तयारी करून घेते. लेफ्टनंटचे मूळ वेतन ५६,१०० रुपये असते, त्यावर १५,५०० रुपये सैनिकी सेवा वेतन मिळते. शॉर्ट सर्व्हिस कमिशन दहा वर्षांचे असते व ते चार वर्षे वाढवता येते, परंतु तिथेही पेन्शन नाही.

मुलींना एनडीएचे दार २०२२ पासून उघडले असून पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली. शिपाई पातळीवर त्यांच्यासाठी मिलिटरी पोलीस आहे, आणि नीट देऊन बीएस्सी नर्सिंगमार्गे मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये अधिकारी होता येते. इन्फंट्री आणि रणगाडा दल त्यांच्यासाठी अजून खुले नाही.

अर्ज भरताना

अर्ज फक्त सैन्याच्या अधिकृत संकेतस्थळावर भरावा. ‘साहेबांशी ओळख आहे’ असे सांगून दोन-तीन लाख मागणारा माणूस प्रत्येक तालुक्यात भेटतो. गुणवत्ता यादी लेखी, मैदान आणि मेडिकल यांवर लागत असल्याने त्याच्या हातात काहीही नसते, आणि मुलगा स्वतःच्या जोरावर लागला की तो आपलेच श्रेय सांगून पैसे ठेवून घेतो.

कागदपत्रांत सर्वांत जास्त अडचण नावाची येते. दहावीच्या गुणपत्रिकेवर, आधारवर आणि रहिवासी दाखल्यावर उमेदवाराचे, वडिलांचे आणि आईचे नाव अक्षरशः सारखे असावे. आधारवर ‘राव’ आहे आणि गुणपत्रिकेवर नाही, एवढ्यावरही काम अडते. दुरुस्तीला महिने लागतात, म्हणून ती अधिसूचना येण्यापूर्वीच करून घ्यावी. सरपंचांचा चारित्र्याचा आणि अविवाहित असल्याचा दाखला मात्र सहा महिन्यांच्या आतला लागतो, तो लवकर काढून ठेवून उपयोग नाही. वडील सैन्यात असतील तर त्यांच्या रेकॉर्ड ऑफिसकडून नात्याचा दाखला मागवावा, एनसीसीचे प्रमाणपत्र असेल तर तेही फाइलला लावावे, कारण दोन्हींचे वाढीव गुण मिळतात आणि रॅलीच्या, म्हणजे मैदानी चाचणीच्या, दिवशी मूळ कागद हातात नसेल तर ते धरले जात नाहीत.