पहिला ड्रोन घरी जुळवताय? पार्ट निवडताना या चुका टाळा

‘मोटर कुठली घेऊ?’ ड्रोन बनवायला निघालेली मुलं आधी हेच विचारतात. मग ठाण्याहून दादरमार्गे ग्रँट रोड, तिथून इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजाराचा लॅमिंग्टन रोड, आणि दुकानदार देईल तो कॉम्बो पिशवीत. फसलेला ड्रोन उघडून पाहिला की पार्ट बहुधा चांगलेच निघतात. त्यांचं आपसात जमत नसतं, एवढंच. म्हणून पैसे काढण्याआधी कागद काढा आणि त्यावर पहिला आकडा लिहा तो वजनाचा.

वजनाचा हिशेब न करता खरेदी

एफ४५० हा नवशिक्यांचा नेहमीचा सांगाडा घेऊ. समोरासमोरच्या दोन मोटरींमधलं अंतर ४५० मिलिमीटर, प्रॉपेलर १० इंची. सांगाडा साधारण २८० ग्रॅम, चार मोटरी २२० च्या आसपास, चार ईएससी (मोटरीचा वेग सांभाळणारी सर्किटं) १००, प्रॉपेलर ५०, फ्लाइट कंट्रोलर (ड्रोनचा मेंदू असलेला बोर्ड), जीपीएस आणि रिमोटचा सिग्नल घेणारा रिसीव्हर मिळून १००, वायरी, कनेक्टर, पट्टे ७०. त्यात तीन सेलची २२०० एमएएच बॅटरी, १८० ग्रॅम. बेरीज एक किलो.

आता नियम असा की चारही मोटरींची पूर्ण ताकदीची उचल वजनाच्या किमान दुप्पट हवी. ए२२१२ जातीची १००० केव्ही (या आकड्यांचा अर्थ पुढे येतो) मोटर तीन सेलवर १० इंची प्रॉपने ७०० ते ८०० ग्रॅम उचलते. चार मोटरींचे कमी धरूनही २८०० ग्रॅम झाले. म्हणजे हा मेळ बसतो. यावर कॅमेरा आणि गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारी चौकट) चढवायचं मनात असेल तर ते वजन आजच बेरजेत घाला. पुढे बघू म्हटलं की ड्रोन हवेत सुस्तावतो, वाऱ्यात सावरत नाही आणि मोटरी तापतात.

मोटरीवरचे आकडे न वाचणं

२२१२ म्हणजे आतल्या स्टेटरचा, म्हणजे न फिरणाऱ्या भागाचा, व्यास २२ मिलिमीटर आणि उंची १२. केव्ही म्हणजे भार नसताना एका व्होल्टमागे मिनिटाला किती फेरे. जास्त केव्ही म्हणजे जास्त ताकद, ही समजूत इथे सगळ्यात महागात पडते. तीच ए२२१२ मोटर २२०० केव्हीमध्येही मिळते, दिसायला सारखीच. ती छोट्या विमानाच्या ६ इंची प्रॉपसाठी असते. तिच्यावर १० इंची प्रॉप लावलं तर करंट भलताच चढतो, वाइंडिंगच्या (आतल्या तांब्याच्या वेटोळ्यांच्या) वार्निशचा जळका वास येतो आणि पाठोपाठ ईएससीही जातो. कमी केव्हीला मोठं प्रॉप, जास्त केव्हीला लहान प्रॉप, हे पाठच करून टाका. १००० केव्हीवर चार सेलची बॅटरी लावायचा मोह झाला तर प्रॉपही ८ इंचांवर आणावं लागतं.

मोटर बसवतानाची एक चूक बारीक आहे पण हमखास होते. सोबत आलेले स्क्रू हरवतात, मग घरातले जरा लांब स्क्रू लावले जातात. ते आत वाइंडिंगला टेकतात. मोटर फिरते, पण अडखळते, तापते, कधी लगेच शॉर्ट होते. चारांपैकी एकच मोटर गरम होत असेल तर आधी तिचे स्क्रू काढून लांबी बघा, मग बेअरिंग आणि शाफ्ट.

बॅटरी: फक्त एमएएच पाहून घेतलेली

बॅटरीवर तीन आकडे असतात आणि तिन्ही लागतात. ३एस म्हणजे तीन सेल, ११.१ व्होल्ट, पूर्ण चार्ज झाल्यावर १२.६. एमएएच म्हणजे साठा. सी म्हणजे किती जोराने वीज काढता येते: २२०० एमएएच गुणिले २५सी म्हणजे ५५ अँपिअर. आपल्या चार मोटरी पूर्ण थ्रॉटलला मिळून ५० अँपिअरच्या आसपास ओढतात. लेबलवरचा सी बऱ्याचदा फुगवलेला असतो, म्हणून ३५सी किंवा वरची घ्या. कमी पडली तर थ्रॉटल दाबताच व्होल्टेज कोसळतं, फ्लाइट कंट्रोलर रीस्टार्ट होतो आणि ड्रोन दगडासारखा खाली येतो. लोक मग कंट्रोलर बदलत बसतात.

मोठी बॅटरी म्हणजे तितकाच जास्त वेळ, असंही होत नाही. वरच्या जुळणीत २२०० एमएएचवर सुमारे ८ मिनिटं मिळतात. ५२०० लावली तर साठा सव्वादोन पटीहून जास्त, पण वजनही दोनशे ग्रॅमने वाढतं, आणि हातात पडतात १५ मिनिटांच्या आसपास.

लिपोच्या, म्हणजे या लिथियम पॉलिमर बॅटरीच्या, बाबतीत मात्र घरच्यांनीही हे वाचावं. आपण फ्लॅटमध्ये राहतो, वरखाली माणसं आहेत. बॅलन्स चार्जरच (सगळे सेल सारखे भरणारा) वापरा आणि १सीने चार्ज करा, म्हणजे २२०० एमएएचला २.२ अँपिअर. रात्री चार्जिंगला लावून झोपू नका, खोलीत कुणी नसताना तर नाहीच. उडवायचा नसेल तेव्हा प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा. पूर्ण भरलेली बॅटरी आठवडाभर कपाटात पडली की खराब होऊ लागते. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करायची नाही, कितीही महाग असली तरी.

ईएससी आणि डाग

मोटर १३ अँपिअर ओढत असेल तर २० ची ईएससी कशीबशी चालते, ३० ची निवांत चालते. ‘ऑप्टो’ लिहिलेली ईएससी घेतली तर तिच्यात पाच व्होल्टचा पुरवठा नसतो. कंट्रोलरसाठी वेगळा पॉवर मॉड्यूल घ्यावा लागतो. आणि २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने बॅटरीच्या जाड वायरीला डाग (सोल्डर) देऊ नका. वरून चकाकतो, आत धरलेला नसतो. ६० वॅटचं आयर्न आणि डाग नीट धरायला थोडं फ्लक्स हवं. मोटर सुरू होताना नुसती थरथरत असेल तर तीन वायरींपैकी एकीचा डाग कच्चा आहे का, हे आधी तपासा.

स्वस्तातला जुना कंट्रोलर

एपीएम २.८ हा कंट्रोलर अजून विकायला दिसतो. त्याच्यासाठी आर्डूपायलट या ड्रोन सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती कॉप्टर ३.२.१, पुढचं काहीच त्यावर चालत नाही. जीपीएसवर एका जागी थांबणारा ड्रोन हवा असेल तर आर्डूपायलट चालणारा पिक्सहॉक जातीचा बोर्ड घ्या. लहान, चपळ एफपीव्ही (कॅमेऱ्यातून बघत उडवायचा) हवा असेल तर बीटाफ्लाइट हे सॉफ्टवेअर चालणारा एफ४०५ वगैरे.

या दोन सॉफ्टवेअरमध्ये मोटरींचे क्रमांक वेगळे असतात. आर्डूपायलटच्या एक्स रचनेत पहिली मोटर पुढे उजवीकडे, बीटाफ्लाइटमध्ये मागे उजवीकडे. एकाचा व्हिडिओ पाहून दुसऱ्याची जोडणी केली की ड्रोन उडायच्या आधीच उलटतो. उलटला तर क्रमांक, फिरण्याची दिशा, प्रॉपची बाजू आणि बोर्डावरचा बाण, या क्रमाने पाहा.

होकायंत्र बॅटरीच्या वायरींजवळ बसवू नका, ते ज्यात असतं ते जीपीएस उंच दांडीवर हवं. सोसायटीच्या गच्चीवर होकायंत्राचं कॅलिब्रेशन करणं ही आपल्याकडची खास चूक: स्लॅबमधलं लोखंड त्याला फसवतं. मग मैदानात ड्रोन एका जागी थांबण्याऐवजी वाढत्या वर्तुळात फिरू लागतो.

उडवायची जागा शेवटी शोधणं

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो. छंदासाठी मायक्रो उडवायला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. आपला एफ४५० यात बसतो, वजन आवाक्यात ठेवायचं हे आणखी एक कारण. पण जागेचे नियम सगळ्यांना आहेत. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात परवानगीशिवाय २०० फुटांपर्यंतच उडवता येतं, ८ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच परवानगी लागते. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं. बेलापूर, उलवे, पनवेलकरांनी जुन्या सवयीवर जाऊ नये. खाडीपलीकडे तुर्भ्याच्या (ट्रॉम्बेच्या) टेकडीला भाभा अणुसंशोधन केंद्र आहे, ठाण्यात कोलशेतला हवाई दलाचा तळ, येऊरला राष्ट्रीय उद्यान, खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलचा नकाशा पाहा आणि पोलिस आयुक्तालयाचा मनाई आदेश चालू आहे का, तेही विचारा. पार्ट घेण्याआधी.

आणखी एक पार्ट कुणी पार्ट म्हणून मोजत नाही: फेलसेफ. काही रिसीव्हर सिग्नल तुटल्यावर शेवटची आज्ञाच धरून ठेवतात, आणि ड्रोन तसाच निघून जातो. प्रॉपेलर काढून ठेवा, मोटरी फिरवा आणि रिमोट बंद करा. त्या थांबल्या नाहीत तर सेटिंग बदला, पुन्हा करून बघा. थांबल्याशिवाय प्रॉपेलर चढवू नका.