जुनी छत्री, सरळ खांब: फ्री डिश स्वतः बसवताना

पुण्यात जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी चक्कर मारलीत, तर डीटीएचच्या छत्र्या भंगाराच्या भावात मिळतात. त्यातली एक उचलून डीडी फ्री डिश लावणं हा या छंदात शिरायचा सगळ्यात चांगला रस्ता, असं मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलामुलींना सांगते. महिन्याचं भाडं नाही, कार्ड नाही, आणि जमलं की त्याच क्षणी पडद्यावर सह्याद्री दिसतं. आकाशवाणीची केंद्रंही त्यावर मिळतात. माझ्या सासूबाई सातच्या बातम्या त्यावरच बघतात.

छत्री 60 सेंटिमीटरची पुरते. रंग उडालेला, वरवर गंजलेली, काही हरकत नाही. बघायचं ते तिचं अंग वाकलंय का. दोन दोरे घ्या, एक उभा आणि एक आडवा, काठापासून काठापर्यंत ताणून बांधा. मध्यभागी दोन्ही एकमेकांना जेमतेम टेकले पाहिजेत. फट राहिली किंवा एकाने दुसऱ्याला दाबलं, तर काठ पिळलेला आहे. ती छत्री तिथेच ठेवा. दोरे वरखाली बदलून पुन्हा बघा. मग पुढे आलेला दांडा तपासा. टेम्पोत फेकताना तोच आधी वाकतो, आणि तो वाकला की एलएनबी, म्हणजे दांड्याच्या टोकाला बसणारा सिग्नल पकडणारा डबा, केंद्रावर बसत नाही. मागच्या पकडीचे नट फिरतात का, अंशांची पट्टी वाचता येते का, तेही पाहा.

एलएनबी मात्र शक्यतो नवा घ्या. तपकीर गल्लीत सहज मिळतो. जुन्याची टोपी उन्हाने तडकलेली असते आणि आत पाणी गेलेलं असतं. जोडणीच्या टोकाला हिरवट थर दिसला की समजून जा. नव्या एलएनबीवर 9.75 आणि 10.6 (गिगाहर्ट्झ) हे आकडे हवेत. आपल्याला पकडायची एक फ्रीक्वेन्सी 11090 मेगाहर्ट्झ आहे. एलएनबी त्यातून 9750 वजा करतो आणि 1340 मेगाहर्ट्झचा सिग्नल केबलमधून खाली पाठवतो. केबल आरजी-6 घ्या आणि तिथे पैसे वाचवू नका. सेट टॉप बॉक्स फ्री-टू-एअर, म्हणजे कार्डाशिवाय मोफत चॅनेलं दाखवणारा हवा. कंपन्यांचे जुने बॉक्स इथे कामाचे नाहीत.

आता जागा. फ्री डिश ज्यावरून येतं तो जीसॅट-15 हा उपग्रह 2015 च्या नोव्हेंबरमध्ये फ्रेंच गयानातून सुटला आणि 93.5 अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर सुमारे 36,000 किलोमीटरवर आहे. पुण्याहून तो आग्नेयेला दिसतो: उत्तरेपासून उजवीकडे मोजत 132 अंश, आणि क्षितिजापासून 59 अंश वर. नागपुरात दिशा 145 आणि उंची 60, पणजीत 127 आणि 61. मोबाइलचं होकायंत्र लोखंडी कठड्याजवळ किंवा पत्र्यावर धरू नका, ते भलतीच दिशा सांगतं. मला सूर्य जास्त भरवशाचा वाटतो. आज सूर्य 132 अंशांवर किती वाजता येतो हे कुठल्याही सूर्याच्या ॲपवर कळतं. त्या मिनिटाला खांबाची सावली जिकडे पडेल त्याच्या बरोबर उलट्या दिशेला उपग्रह. (मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत हे करू नका. तेव्हा सूर्य पुण्याच्या डोक्यावरून उत्तरेकडे गेलेला असतो.) मार्चच्या 12 तारखेच्या आसपास आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला तर सकाळी अकराच्या सुमाराला सूर्य जवळजवळ उपग्रहाच्याच मागे येतो. त्या वेळी तुमच्या जागेवर ऊन असेल, तर वाटेत झाड किंवा पाण्याची टाकी येत नाही, हे डोळ्यांनी पाहून घेता येतं. त्या दिवसांत काही मिनिटं चित्र तुटतं, ते सूर्यामुळेच.

खांबाला पूर्ण वेळ द्या. गच्चीच्या स्लॅबला भोकं पाडू नका, वॉटरप्रूफिंग फुटतं आणि खालच्या घरात गळती लागते. जुन्या पत्र्याच्या डब्यात पाइप उभा करून काँक्रीट भरा. ओल्यातच गवंड्याचा ओळंबा दोन बाजूंनी लावून पाइप सरळ करा. खांब तिरका असला, तर छत्री फिरवताना उंचीही बदलत जाते आणि दोन गोष्टी एकदम शोधाव्या लागतात. सरळ असला की एकच उरते.

छत्री बघितल्यावर नव्या माणसाला वाटतं, ही तर फारच खाली बघतेय. या छत्र्यांचा केंद्रबिंदू खालच्या बाजूला असतो, म्हणून 59 अंशांवरचा उपग्रह धरताना तिचं तोंड साधारण 34 अंशच वर वळलेलं दिसतं. मागच्या पट्टीवर बहुतेक ही वजाबाकी आधीच केलेली असते. तिथे 59 लावा आणि डोळ्यांवर विश्वास ठेवू नका.

केबल जोडताना बॉक्स बंद ठेवा, कारण त्याच केबलमधून एलएनबीला 13 किंवा 18 व्होल्ट जातात. छोटा टीव्ही गच्चीवरच न्या, खालून कोणी "आलं, आलं!" म्हणून ओरडण्यावर हे काम होत नाही. बॉक्समध्ये 11090, उभं ध्रुवीकरण म्हणजे व्ही, सिंबॉल रेट 29500 भरा. पडद्यावर दोन पट्ट्या येतील. वरची, ताकदीची, छत्री भिंतीकडे वळवली तरी भरलेली दिसू शकते. तुम्ही फक्त क्वालिटीची पट्टी बघा.

आता छत्री कणाकणाने फिरवा. एवढ्या छत्रीच्या काठाला 5 मिलिमीटर म्हणजे एक अंश, आणि तिची नजर जेमतेम तीन अंश रुंद. प्रत्येक हालचालीनंतर तीन सेकंद थांबा, बॉक्सला सिग्नल ओळखायला तेवढा वेळ लागतो. घाईघाईत फिरवणारे उपग्रहावरून निघून जातात. एका फेरीत काही मिळालं नाही, तर उंची एका अंशाने बदलून पुन्हा पूर्ण फेरी घ्या. शेजारी 95 अंश पूर्व रेखांशावर डिश टीव्हीचा उपग्रह आहे, तोही मध्ये येतो; म्हणून चॅनेल स्कॅन करून डीडीची नावं आल्याशिवाय नट आवळायचे नाहीत.

एक गोष्ट बहुतेक जण सोडून देतात: एलएनबी स्वतःभोवती फिरवणं. उपग्रह आपल्या ठीक दक्षिणेला नाही, त्यामुळे पुण्यात त्याला सुमारे 45 अंशांचा तिरपेपणा द्यावा लागतो. छत्रीच्या मागे आकाशाकडे तोंड करून उभे राहा आणि घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरवा. नागपूरला 33 अंश पुरतात. क्वालिटी सगळ्यात जास्त होईल तिथे थांबा. या फिरवण्याने 50 वर अडकलेली पट्टी 70 वर गेलेली मी पाहिली आहे.

नट आलटून पालटून, थोडे थोडे आवळा. एकच बाजू करकचून आवळली की छत्री सरकते. नंतर खांबावर आणि पकडीवर मार्करने एक सलग रेघ ओढा. जोडणीवर रबरी टेप गुंडाळा आणि केबलला एलएनबीखाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून गळून जाईल.

जुलैत मुसळधार पाऊस लागला की चित्र गोठेल. या लहरी पावसात शोषल्या जातात, तिथे छत्रीचा दोष नसतो. वीज कडाडत असताना तर गच्चीवर जायचंच नाही. पाऊस ओसरून अर्धा तास झाला तरी चित्र आलं नाही, तर आधी रेघ सरकलीय का बघा, मग एलएनबीची टोपी.