स्टॉक फोटो दर्जाच्या कारणावरून नाकारले जातात? या चुका टाळा

अनंत चतुर्दशीनंतर पुण्यातले अनेक हौशी छायाचित्रकार विसर्जन मिरवणुकीचे फोटो शटरस्टॉक, अॅडोबी स्टॉक यांसारख्या फोटो विकणाऱ्या साइटवर पाठवतात आणि त्यांतले बरेचसे ‘फोकस’ किंवा ‘नॉइज’ (फोटोतले दाणे) एवढ्याच शेऱ्यासह परत येतात. मोबाइलवर तोच फोटो देखणा दिसत असल्यामुळे परीक्षकाने अन्याय केला असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु बहुतेक वेळा फरक पाहण्याच्या पद्धतीत असतो. २४ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ६०००×४००० पिक्सेल. तो १९२०×१०८० पिक्सेलच्या पडद्यावर पूर्ण मावतो, तेव्हा बहुतेक बारकावे आणि त्यांच्याबरोबर बहुतेक दोषही गाळले गेलेले असतात. दर्जा तपासायचा तो १०० टक्के आकारावर, म्हणजे फोटोचा एक पिक्सेल पडद्याच्या एका पिक्सेलवर, आणि त्या आकारात एका वेळी फोटोचा जेमतेम बारावा भाग दिसतो. म्हणून पाठवण्यापूर्वी प्रत्येक फोटो कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत असा सरकवत पाहावा. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही.

‘फोकस’ या एका शेऱ्याखाली निरनिराळे दोष येतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो, त्यामुळे आधी निदान करावे. सगळा फोटो एकाच दिशेने ओढल्यासारखा दिसत असेल, तर हात हलला आहे. ५० मिमी लेन्सला किमान १/५० सेकंद शटर स्पीड (शटर उघडे राहण्याचा वेळ) हा जुना ठोकताळा आहे, पण क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे लहान सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर १/१२५ च्या खाली न जाणे बरे. मागची दुकाने स्पष्ट आणि ढोल वाजवणाऱ्याचे हात तेवढे पुसट असतील, तर ती वादकाची हालचाल आहे. तेथे लेन्समधले स्टॅबिलायझेशन काही करू शकत नाही. १/२५० ते १/५०० इतका शटर स्पीडच लागतो. वादकाऐवजी त्याच्यामागचा ध्वज टोकदार आला असेल, तर कॅमेऱ्याने फोकस चुकीच्या जागी धरला आहे, आणि अशा वेळी फोकस बिंदू स्वतः निवडून डोळ्यांवर ठेवावा. काहीच टोकदार नसेल, तर आधी लेन्सची काच पाहावी आणि मग अपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचे छिद्र. एफ/२२ इतक्या बारीक छिद्राला विवर्तनामुळे, म्हणजे प्रकाश कडेने पसरल्यामुळे, सगळे चित्र मऊ पडते, तर एफ/८ च्या आसपास बहुतेक लेन्स उत्तम काम करतात.

एक कारण मात्र अनेकांच्या लक्षातच येत नाही. एप्रिलच्या दुपारी पर्वतीवरून टेलिफोटो (दूरचे जवळ दाखवणाऱ्या) लेन्सने शहराचा फोटो काढला, की तापलेल्या हवेच्या लहरींमुळे इमारतींच्या सरळ कडा थरथरल्यासारख्या उमटतात. येथे ट्रायपॉड किंवा महागडी लेन्स उपयोगी पडत नाही. सकाळी लवकर जावे, एवढाच उपाय आहे.

‘नॉइज’चे मूळ बहुधा आयएसओच्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रकाश-संवेदनक्षमतेच्या आकड्याच्या, भीतीत असते. आयएसओ वाढू नये म्हणून फोटो अंधारा काढला जातो आणि नंतर संगणकावर सावल्या उजळल्या जातात. त्यांबरोबर काळ्या भागातले रंगीत दाणेही वर येतात. त्यापेक्षा आयएसओ ३२०० वर योग्य एक्स्पोजरचा (पुरेसा उजेड घेतलेला) फोटो सहसा अधिक स्वच्छ असतो. मंडळांच्या रोषणाईत आडवे पट्टे उमटले, तर तो नॉइज नव्हे. आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्यामुळे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, आणि इलेक्ट्रॉनिक शटरने जलद फोटो काढताना ते पट्ट्यांच्या रूपात पकडले जातात. मेकॅनिकल शटर वापरावे, कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकरची (दिव्यांची ही लुकलुक टाळण्याची) सोय असल्यास ती चालू करावी आणि स्थिर देखाव्यासाठी १/५० किंवा १/१०० वर यावे.

यानंतरचे नुकसान आपण स्वतः करतो, आणि मला ते सर्वांत जास्त खटकते. नॉइज इतका पुसला जातो की चेहऱ्याची त्वचा मेणाची वाटू लागते. शार्पनिंग (कडा टोकदार करणे) इतके चढवले जाते की शनिवारवाड्याच्या बुरुजाभोवती आकाशात पांढरी कड दिसते. सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा गडदपणा, वाढवल्याने गुलालाचा सपाट गुलाबी डाग होतो आणि त्यातले कण नाहीसे होतात. हे दोष १०० टक्के आकारावर लपत नाहीत.

सेन्सरवरची धूळ ही तुलनेने साधी बाब आहे. सिंहगडावरच्या मोकळ्या आकाशात ती करड्या ठिपक्यांच्या रूपात दिसते. ब्लोअरने सेन्सर साफ करावा आणि राहिलेले ठिपके संपादनात काढावेत. व्हॉट्सअॅपवरून नेहमीच्या पद्धतीने आलेली प्रत कधीही पाठवू नये, कारण ती दाबून लहान झालेली असते. १६००×१२०० पिक्सेल म्हणजे २ मेगापिक्सेलही भरत नाहीत, तर वरील दोन्ही साइटना किमान ४ मेगापिक्सेल लागतात. ती ताणून मोठी केली तरी हरवलेले बारकावे परत येत नाहीत.

नाकारलेला फोटो काहीही न बदलता पुन्हा पाठवण्यात अर्थ नाही. जेपीईजीवरच पुन्हा काम करण्याऐवजी कॅमेऱ्याने साठवलेल्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या रॉ फाइलपासून नवे संपादन करावे. दोष किरकोळ असेल, तर ६०००×४००० चा फोटो ३६००×२४०० पर्यंत लहान करून पाहावा. तो ८ मेगापिक्सेलहून मोठाच राहतो आणि थोडासा मऊपणा व बारीक दाणे आटोक्यात येतात. फोकसच डोळ्यांऐवजी ध्वजावर गेला असेल, तर तो फोटो बाजूला ठेवावा आणि त्याच मालिकेतला टोकदार फोटो शोधावा.