इकॉनॉमेट्रिक्सचा अभ्यास: आधी प्रश्नावली, मग रिग्रेशन

एम. ए. अर्थशास्त्राला नव्याने आलेल्या मुलामुलींची पहिल्या सत्रातली धास्ती ठरलेली असते: इकॉनॉमेट्रिक्स, म्हणजे आकडेवारीवरून अर्थशास्त्रातले संबंध मोजण्याचं शास्त्र. मी मराठी माध्यमातून बी. ए. करून पुण्यात आले, बारावीला गणित नव्हतं, त्यामुळे ही धास्ती मला चांगली ठाऊक आहे. एम. ए.ची दोन वर्षं आणि नंतर संशोधन सहायक म्हणून केलेलं काम, यातून माझं एक मत पक्कं झालं. या विषयात मुलं गणितामुळे कमी अडतात. समोरचा आकडा कुठून आला आणि आपण कोणाची तुलना कोणाशी करतोय, हे न विचारल्यामुळे जास्त अडतात.

गणिताचं आधी उरकू. मॅट्रिक्सचा गुणाकार आणि इन्व्हर्स, डेरिव्हेटिव्ह, संभाव्यता, व्हेरिअन्स, कोव्हेरिअन्स एवढं हाताशी असलं की पहिलं सत्र निभावतं. बारावी वाणिज्यच्या गणितात यातलं बरंच आहे, अगदी लिनिअर रिग्रेशनचं, म्हणजे एक गोष्ट बदलली की दुसरी किती बदलते ते सरळ रेषेने मोजण्याचं, प्रकरणसुद्धा. ही पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, सुट्टीतच सोडवून टाका. रिग्रेशनचा अंदाज कोणत्या गृहीतकांखाली सर्वांत चांगला ठरतो, ते सांगणाऱ्या गॉस-मार्कोव्ह प्रमेयाची सिद्धता पाठ करून गुण मिळतील. पण एकेक गृहीतक मोडलं तर नेमकं काय बिघडतं, ते स्वतःच्या शब्दांत लिहून पाहा. हेटरोस्केडास्टिसिटी (अंदाजातल्या चुकांचा पसारा सगळीकडे सारखा नसणं) असली म्हणून गुणांकात, म्हणजे रिग्रेशनने काढलेल्या परिणामाच्या आकड्यात, पक्षपात येत नाही, स्टँडर्ड एरर (त्या आकड्यातल्या अनिश्चिततेचं माप) तेवढी चुकते. पण मजुरीवर परिणाम करणारं आणि शिक्षणाशीही जोडलेलं एखादं चल गाळलं गेलं, तर शिक्षणाचा गुणांकच चुकतो, आणि नमुना कितीही मोठा घेतला तरी ती चूक जात नाही.

मजुरीचंच उदाहरण पुढे नेऊ. मजुरीचा लॉग घेऊन शिक्षणाच्या वर्षांवर रिग्रेशन चालवलं आणि गुणांक ०.०८ आला, तर शिक्षणाच्या एका जादा वर्षामागे मजुरी साधारण ८ टक्के जास्त, असं वाचतात. (गुणांक ०.५ इतका मोठा असला की हा सरळ हिशेब चालत नाही. तिथे फरक सुमारे ६५ टक्के निघतो.) पण जास्त शिकलेल्यांच्या घरी आधीपासून पैसा असेल, गावापासून शहर जवळ असेल, तर त्या ८ टक्क्यांतला शिक्षणाचा वाटा किती? हा प्रश्न छळायला लागला की समजायचं, विषय कळू लागला.

तुलना कशी शोधायची हे शिकायला मी प्रत्येकाला डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांचा १९९४चा शोधनिबंध वाचायला सांगते. एप्रिल १९९२ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर झालं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते होतं तेवढंच राहिलं. दोघांनी दोन्हीकडच्या मिळून ४१० फास्ट फूड दुकानांत वाढीच्या आधी आणि नंतर चौकशी केली. पूर्णवेळ कामाच्या हिशेबाने न्यू जर्सीत दुकानामागे कामगार २०.४४ वरून २१.०३ झाले. पेनसिल्व्हेनियात ते २३.३३ वरून २१.१७ वर आले. एका बदलातून दुसरा बदल वजा केला की उत्तर येतं न्यू जर्सीच्या बाजूने सुमारे पावणेतीन कामगार. गणित चौथीतलं. सगळा भार आहे तो एका गृहीतकावर: वेतन वाढलं नसतं, तर न्यू जर्सीतही पेनसिल्व्हेनियासारखाच बदल झाला असता. ते कुठल्याही सॉफ्टवेअरने सिद्ध होत नाही, युक्तिवादाने पटवावं लागतं. पुढे न्यूमार्क आणि वॅशर या दुसऱ्या दोन अर्थतज्ज्ञांनी पगारपत्रकांच्या नोंदी घेऊन उलटा निष्कर्ष मांडला आणि मूळ लेखकांनी २००० साली त्याला उत्तर दिलं. हे तिन्ही ओळीने वाचा. एकाच प्रश्नावर माहितीचा स्रोत बदलला की काय होतं, ते माझ्या मते इतकं स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही.

आपल्याकडे डेझर्टेशनसाठी (एम. ए.च्या प्रबंधासाठी) बहुतेक जण पीएलएफएसकडे, म्हणजे पीरिऑडिक लेबर फोर्स सर्व्हेकडे वळतात. २०१७ पासून सुरू असलेलं हे रोजगाराचं सरकारी सर्वेक्षण. घराघराची माहिती सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून विनामूल्य उतरवता येते. फाइल उघडण्याआधी त्याची प्रश्नावली आणि सर्वेक्षकांना दिलेल्या सूचना वाचा, पूर्ण वाचा. त्यात माणसाच्या कामाला संकेतांक असतो. घरच्या धंद्यात किंवा शेतीत बिनपगारी मदत करणाऱ्याला २१, फक्त घरकाम करणाऱ्याला ९२, घरकामासोबत घरापुरतं सरपण-वैरण गोळा करणं किंवा शिवणकाम करणाऱ्याला ९३. २१ म्हणजे श्रमशक्तीच्या (काम करणारे किंवा काम शोधणारे यांच्या) आत, ९२ आणि ९३ म्हणजे बाहेर.

आमच्या सांगलीकडे गावात चौकशी करताना मी बाईंना विचारायचे, ‘‘काकू, तुम्ही काय काम करता?’’ उत्तर यायचं, ‘‘मी कुठं काय करते, घरीच असते.’’ मग ‘‘म्हशीचं कोण बघतं?’’ असं विचारलं, की वैरण आणण्यापासून डेअरीत दूध घालण्यापर्यंत सगळं बाहेर यायचं. पहिल्या उत्तरावर लेखणी थांबली तर ही बाई ९२, दुसऱ्या प्रश्नापर्यंत गेली तर २१. हजारो घरांत असं घडलं की राज्यातल्या स्त्रियांचा श्रमसहभाग हलतो, आणि आपण तो आकडा डाव्या बाजूचं चल, म्हणजे ज्याचं कारण शोधायचं ती गोष्ट, म्हणून समीकरणात घालतो. म्हणून निदान दोन-चार दिवस तरी कुठल्या ना कुठल्या सर्वेक्षणाबरोबर फिरा. विद्यापीठातला संशोधन पद्धतीचा पेपर हे सांगतो, पण उंबऱ्यावर बसून ऐकल्याशिवाय ते पुरतं उमगत नाही.

सॉफ्टवेअरची काळजी करू नका. स्टाटा हे सांख्यिकीचं सॉफ्टवेअर महाग आहे, विभागाच्या लॅबमध्ये असेल तर वापरा. ‘आर’ (R) हे दुसरं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि सगळं करतं. दोन सवयी मात्र पहिल्या दिवसापासून हव्यात. प्रत्येक पायरी कोडच्या फाइलमध्येच राहिली पाहिजे, एक्सेलमध्ये हाताने खोडाखोड नको. आणि मल्टिप्लायर (नमुन्यातलं एक घर राज्यातल्या किती घरांच्या वतीने मोजायचं तो आकडा) लावल्याशिवाय राज्याची टक्केवारी काढायची नाही. तो कसा लावायचा ते माहितीसोबतच्या सूचनांत लिहिलेलं असतं. आपली टक्केवारी छापील वार्षिक अहवालातल्या तक्त्याशी जुळेपर्यंत रिग्रेशनला हात लावू नका.

गाइडकडे पहिल्यांदा जाताना निकालांचे तक्ते नेऊ नका. एका कागदावर चार गोष्टी लिहा: प्रश्न काय, तुलना कोणाची कोणाशी, ती तुलना कशामुळे फसू शकते, आणि माहिती कोणी कोणाला विचारून गोळा केली. माझ्या गाइड मॅडम पहिला महिना तेवढाच कागद पाहायच्या आणि तिसऱ्या मुद्द्याखाली अजून ओळी मागायच्या.