म्युनिकमध्ये शिकताना आल्प्समध्ये चालायला कसे शिकावे

शिक्षणासाठी म्युनिकला येणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी सह्याद्रीत भटकंती केलेली असते. मीही नाशिकच्या महाविद्यालयात असताना तीन पावसाळे ट्रेक केले होते, आणि त्यामुळे आल्प्सच्या पायथ्याशी राहायला मिळणार या कल्पनेने मी आनंदून गेले होते. येथे आल्यावर एक गोष्ट मात्र हळूहळू उमगली. गावाकडच्या प्रत्येक ट्रेकला कोणीतरी लीडर असे. गाडी तो ठरवी, वाट तो ओळखी, पाऊस वाढला तर थांबायचे की नाही हेही तोच सांगे. मी चालत होते खरी, पण निर्णय असा एकही घेतलेला नव्हता. परदेशात एकटीने डोंगरात जाण्याची तयारी म्हणजे प्रामुख्याने निर्णय घेण्याची तयारी आहे, असे माझे मत आहे. म्हणून हे मार्गदर्शन बुटांपासून सुरू होत असले तरी त्याचा रोख तिकडेच राहील.

पहिल्या सत्रात डोंगराची घाई करू नये. ऑक्टोबरमध्ये अभ्यासक्रम सुरू होतो, दिवस भराभर लहान होतात आणि डिसेंबरात सूर्य साडेचारच्या आतच मावळतो. या काळात इझार नदीच्या काठाने शेफ्टलार्नच्या मठापर्यंत चालत जावे आणि उपनगरी रेल्वेने परतावे. वाट जवळपास सपाट असून चुकण्याची भीती नसते, आणि नवे बूट पायाला कुठे लागतात हे घराजवळच कळते. बूट घोट्याच्या वर येणारे आणि खोल खाचांच्या तळव्याचे असावेत. ते दुकानात संध्याकाळी, जाड मोजे घालून पाहावेत, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. उतरणीला अंगठा पुढे टेकू नये इतकी जागा बुटात हवीच. पैसे वाचवायचे असतील तर जॅकेट, सॅक आणि काठ्या जुन्या वस्तूंच्या बाजारातून घ्याव्यात. बुटांवर मात्र काटकसर करू नये.

प्रवासासाठी गाडीची गरज नाही, ही म्युनिकची मोठी सोय आहे. मे २०२३ पासून मिळणाऱ्या मासिक डॉइचलांडटिकिटावर देशभरातील सर्व प्रादेशिक गाड्या, बस आणि ट्राम चालतात. ते नसल्यास पाच जणांपर्यंत मिळून बायर्न-टिकिट, म्हणजे म्युनिक ज्या बव्हेरिया राज्यात आहे त्या राज्यापुरते एका दिवसाचे तिकीट, काढता येते. कामाच्या दिवशी ते सकाळी नऊनंतर लागू होते, शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासूनच. एक सावधगिरी येथेच सांगून ठेवते. तेगर्नझे, लेंगग्रीस आणि बायरिशत्सेल या तिन्ही दिशांना जाणारी गाडी म्युनिकहून पुष्कळदा एकत्रच निघते आणि वाटेत होल्त्सकिर्खेन व शाफ्टलाख येथे तिचे भाग वेगळे होतात. डब्यावरील पाटी न वाचता बसणारा प्रवासी भलत्याच खोऱ्यात पोहोचतो.

पहिला खरा डोंगर म्हणून मी प्रत्येकाला नॉयरॉयट सुचवते. तेगर्नझे स्थानकातून बाहेर पडून गावातूनच चढण सुरू होते, साधारण ५०० मीटर उंची चढावी लागते, वाट रुंद आहे, आणि १२६१ मीटरवर एक जुने उपाहारगृह आहे जेथून खाली संपूर्ण तळे दिसते. ते जमले की श्पित्सिंगझे येथून १८८४ मीटरच्या रोटवांडवर जावे. तेथे वाटेत मुक्कामाची झोपडी, म्हणजे जेवण्याची व झोपण्याची सोय असलेले डोंगरी विश्रामगृह, असल्याने थकल्यास आसरा मिळतो.

वाट निवडताना तिचा रंग वाचावा. बव्हेरियातील पिवळ्या पाट्यांवर निळा ठिपका असेल तर वाट सोपी, लाल असेल तर मध्यम आणि काळा असेल तर अवघड समजतात. सह्याद्रीत रुळलेल्या माणसाची फसगत लाल रंगावर होते, कारण मध्यम या शब्दाने मनात राजगडासारखे काहीतरी उभे राहते. येथे लाल वाट अरुंद आणि तीव्र चढाची असू शकते, आणि तिच्या एका अंगाला खोल दरी असू शकते. वर्णनात दोन जर्मन शब्द वारंवार भेटतात. ट्रिटझिशरहाइट म्हणजे सैल दगडांवर आणि घसाऱ्यावर पाय ठामपणे रोवता येणे. श्विंडलफ्राइहाइट म्हणजे खोल दरी दिसत असतानाही भोवळ न येणे. आपल्याकडचे गिर्यारोहक ज्याला दृष्टिभय म्हणतात ते नसणे. हे दोन शब्द ज्या वाटेच्या वर्णनात असतील ती वाट पहिल्या उन्हाळ्यात एकट्याने करू नये.

वेळेचा हिशोब कागदावर करावा. येथे प्रचलित असलेली रीत अशी: तासाला ३०० मीटर चढण, ५०० मीटर उतरण आणि ४ किलोमीटर आडवे अंतर धरावे, उंचीसाठी लागणारा वेळ आणि अंतरासाठी लागणारा वेळ वेगवेगळा काढावा, आणि त्यातील मोठ्या आकड्यात लहान आकड्याचा निम्मा भाग मिळवावा. म्हणजे ९०० मीटर चढण आणि ८ किलोमीटर अंतर असेल तर उंचीचे तीन तास अधिक अंतराच्या दोन तासांचा निम्मा एक तास, असे चार तास होतात. यात विश्रांती, जेवण आणि छायाचित्रे धरलेली नसतात. पहिल्या काही चालींत आपला प्रत्यक्ष वेळ टिपून ठेवावा; मला या हिशोबापेक्षा सव्वापट वेळ लागतो हे चौथ्या खेपेला समजले, आणि तेव्हापासून माझे अंदाज चुकणे थांबले.

डोंगराचा दगड वेगळा आहे, आणि त्यावरून बरेच काही ठरते. सह्याद्रीचा काळा कातळ पाणी धरतो, म्हणून गडांवर खोदलेली टाकी भर उन्हाळ्यातही ओली सापडतात. बव्हेरियन आल्प्सचा बराच भाग चुनखडीचा आहे. पाणी भेगांतून खाली मुरते आणि डोंगराच्या माथ्याकडील धारेवर कित्येक तास एकही झरा लागत नाही. त्यामुळे निघतानाच दोन लिटर पाणी सोबत असावे. पावसात ओली झालेली चुनखडी आणि झाडांची मुळे अत्यंत निसरडी होतात. आपण पावसाळ्यातच डोंगर चढत मोठे झालो, हा अनुभव येथे उलट घातक ठरतो. आपल्याकडचा पाऊस भिजवतो. उन्हाळ्यातल्या दुपारी आल्प्समध्ये येणारा पाऊस वीज घेऊन येतो आणि उघड्या धारेवर लपायला जागा नसते. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये पहाटे निघावे आणि दुपारी लवकर माथा सोडलेला असावा. जूनमध्येही उत्तरेकडच्या घळींत जुना, कडक झालेला बर्फ साचून असतो. त्यावरून घसरलेला माणूस थांबत नाही. असा पट्टा वाटेत आला आणि तो ओलांडण्याचे साधन व शिक्षण आपल्याकडे नसेल, तर तेथून परतावे. दर १००० मीटरला तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरते, त्यामुळे शहरात ऊन असले तरी लोकरी टोपी आणि वाऱ्याचे जॅकेट पिशवीत असावे.

माझ्या दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला, सप्टेंबरच्या अखेरीस, मी ओलश्टाट स्थानकातून १७९० मीटरच्या हाइमगार्टनवर चढून धारेने शेजारचे हेर्त्सोगश्टांड शिखर गाठायचे आणि वाल्खेनझे तळ्याच्या काठी उतरायचे ठरवले. कळसूबाईपेक्षा जेमतेम १४४ मीटर उंच, असा विचार करून मी निश्चिंत होते. अकरा वाजता चालायला लागले, चढण अकराशे मीटरहून अधिक निघाली, आणि माथ्यावर साडेतीन वाजले. तेव्हा आल्या वाटेने मागे फिरले असते तर उजेडात स्थानकावर पोहोचले असते. पण समोर धार इतकी सुंदर दिसत होती, आणि इतके चढून आल्यावर मागे वळणे इतके जिवावर आले, की मी पुढे गेले. हेर्त्सोगश्टांडला पोहोचले तेव्हा केबलकारची शेवटची फेरी होऊन गेली होती. खालचे जंगल मी मोबाइलच्या उजेडात उतरले आणि गावात आले तेव्हा शेवटची बसही निघून गेली होती. एका वृद्ध दांपत्याने मला आपल्या गाडीतून कोखेलच्या स्थानकावर सोडले. गाडीत त्या बाईंनी फक्त एवढेच विचारले, की तुमची परत फिरण्याची वेळ कोणती होती. अशी काही वेळ ठरवायची असते हेच मला ठाऊक नव्हते.

त्या दिवसापासून मी ज्या रीतीने तयारी करते ती अशी. शेवटच्या नव्हे, त्याच्या आधीच्या बसची वेळ घ्यायची. तीतून उतरणीचा हिशोब वजा करायचा, आणखी एक तास वजा करायचा, आणि जी वेळ उरते ती आदल्या रात्रीच कागदावर लिहायची. त्या वेळी मी माथ्यापासून दहा मिनिटांवर असले तरी वळते. ही वेळ घरी, पोटभर जेवून, शांत डोक्याने ठरवावी. कारण वर पोहोचल्यावर थकवा, हौस आणि खर्च केलेले श्रम हे तिघे मिळून आपल्या वतीने बोलू लागतात. डोक्याला लावायचा दिवा, शिट्टी आणि प्रथमोपचाराची पिशवी उन्हाळ्यातही सोबत असावी. संकटात ११२ हा क्रमांक लावावा. तो डोंगरी बचावपथकापर्यंत पोहोचवला जातो. मोबाइलला रेंज नसेल तर शिट्टीने किंवा दिव्याने एका मिनिटात सहा वेळा खूण करावी, एक मिनिट थांबावे आणि पुन्हा करावी. मिनिटात तीन खुणा परत आल्या तर आपली हाक ऐकली गेली असे समजावे.

एकट्याने सर्व शिकण्याचा हट्टही धरू नये. १८६९ साली म्युनिकमध्येच स्थापन झालेल्या जर्मन आल्पाइन संघाचे सदस्य व्हावे. पंचविशीपर्यंतच्या सदस्यांना वर्गणीत सवलत असते, बचावकार्याच्या खर्चाचा विमा त्यात येतो, संघाच्या झोपड्यांत स्वस्तात झोपायला मिळते आणि म्युनिकच्या शाखांकडून साहित्य भाड्याने घेता येते. विद्यापीठांच्या सामायिक क्रीडा केंद्राकडूनही डोंगरचालीचे वर्ग होतात.

झोपडीतील मुक्कामाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडच्या मुलींच्या मनात त्याविषयी शंका असतात. जागा आधी राखून ठेवावी लागते. स्वस्त जागा म्हणजे एका मोठ्या खोलीत ओळीने टाकलेल्या गाद्या, आणि तेथे स्त्री-पुरुष शेजारीशेजारी झोपतात. पहिल्या रात्री मला संकोच वाटला. परंतु दहा वाजता दिवे मालवले की सगळे दमलेले लोक निमूट झोपतात, आणि मला कधीही वावगा अनुभव आला नाही. आत शिरून झोपण्याची पातळ कापडी झोळी स्वतःची न्यावी, बूट बाहेरच्या खोलीत काढावेत, आणि रोख पैसे जवळ असावेत. शाकाहारी व्यक्तीला केझेश्पेत्सले (चीज घातलेल्या जाड शेवया) आणि काइझरश्मार्न (तुकडे केलेले गोड धिरडे) बहुतेक ठिकाणी मिळते. दोन्हींत अंडे असते, म्हणून ते न खाणाऱ्यांनी आधी विचारावे. मी पिशवीत मेथीचे पराठे, शेंगदाण्याची चिक्की आणि लसणाची चटणी ठेवते.

याच झोपड्यांनी मला भाषा दिली. वर्गात माझे जर्मन व्याकरणाच्या भीतीने अडखळे. डोंगरात मात्र येणारा-जाणारा प्रत्येक जण ग्र्युस गॉट (येथला नमस्कार) म्हणतो, आणि उंचावर अनोळखी माणसेही एकमेकांना अरे-तुरेने बोलावतात अशी जुनी पद्धत आहे. पुढे बर्फ आहे का, वाट ओली आहे का, गाई वाटेवर आहेत का, हे विचारावेच लागते, आणि उत्तर समजून घेण्यावर आपला दिवस अवलंबून असतो. (वासरे असलेल्या गाईंपासून लांबूनच जावे, ही सूचना मला अशाच एका आजोबांकडून मिळाली.) नव्या विद्यार्थ्याने प्रत्येक चालीत निदान तीन माणसांना वाटेविषयी विचारायचे, असा नेम करावा. माझा हिवाळ्यातला एकटेपणा या नेमाने जितका कमी झाला तितका दुसऱ्या कशाने झाला नाही.

अभ्यासातही हीच रीत मला उपयोगी पडली. प्रबंधाचे काम अर्ध्यावर असताना मोजमापे हाती येईनात. आधीची मी असते तर कोणी सांगेपर्यंत तशीच रेटत राहिले असते. या वेळी मी आधीच एक तारीख लिहून ठेवली होती, की त्या दिवसापर्यंत आकडे आले नाहीत तर विषय आटोपता करायचा. ती तारीख आली, मी मार्गदर्शकांकडे जाऊन तसे सांगितले, आणि त्यांनी आराखडा लहान करायला लगेच मान्यता दिली. मागे वळण्याची लाज माझ्या मनातून डोंगरात गेली होती, म्हणूनच त्या खोलीत मला ते बोलता आले.

शेवटच्या उन्हाळ्यासाठी त्सुगश्पित्से राखून ठेवावे. २९६२ मीटरचे हे जर्मनीतील सर्वोच्च शिखर १८२० साली लेफ्टनंट योझेफ नाउस यांच्या मोजणी पथकाने राइनतालच्या खोऱ्यातून गाठले, आणि विद्यार्थ्यानेही तीच बाजू धरावी. होलेन्टालची प्रसिद्ध वाट हिमनदीवरून आणि लोखंडी तारांच्या कड्यावरून जाते, ती योग्य साहित्य व शिक्षणाशिवाय करू नये. राइनतालची वाट तांत्रिकदृष्ट्या सोपी, पण वीस किलोमीटरहून लांब आणि दोन हजार मीटरहून अधिक चढणीची आहे; म्हणून ती मधल्या झोपडीत मुक्काम करून दोन दिवसांत करावी. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून वरच्या घसाऱ्याला लागावे, आणि माथ्यावरून उतरण्यासाठी केबलकारची वेळ आधी पाहून ठेवावी. आपला मार्ग, परत फिरण्याची वेळ आणि खाली पोहोचल्याचा निरोप येण्याची वेळ शेजारच्या खोलीतील मैत्रिणीला लिहून द्यावी, आणि मुक्कामाच्या झोपडीतील वहीतही नोंदवावी. मी पहिल्या खेपेस तेथे ढग उतरल्यामुळे शिखराच्या खूप अलीकडून वळले होते. त्या संध्याकाळी आईला फोन केला तेव्हा नाशिकमध्ये रात्रीचे साडेदहा झाले होते, आणि तिने शिखराविषयी न विचारता, ठरल्या वेळेला फिरलीस ना, एवढेच विचारले.