स्टूल धरायला पोरगी, पंख्याला पोरगा

मे महिन्यात सोलापुरात पंखा स्लो झाला की घरात काय होतं आठवा. पोराला हाक जाते, तो स्टूलवर चढतो आणि पोरगी खाली स्टूल धरून उभी. मग तीच पोरगी दहावीत गेली की आपण विचारतो, सायन्समध्ये इंटरेस्ट आहे का गं तुला? अहो कुठून येणार इंटरेस्ट, तिला आत्तापर्यंत फक्त स्टूल दिसलंय!

म्हणून भाषण नको, टेस्टर आणि स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात द्या. माझी भाची नववीत आहे, गेल्या उन्हाळ्यात पंखा तिनंच केला. आधी मेन स्विच बंद, मग टेस्टर लावून करंट नाही ना ते बघितलं, मी शेजारीच उभी होते, पोरांना या कामात एकटं सोडायचं नाही. वरची वाटी सरकवली, वायरींचा मोबाईलवर फोटो काढून ठेवला (हे मला सुचलं नसतं) आणि कपॅसिटर (पंख्याला सुरू व्हायला जोर देणारा छोटा डबा) काढला, त्याच्या टोकांना हात लावायचा नाही एवढं मी बजावलं कारण त्यात चार्ज राहू शकतो. २.५ मायक्रोफॅरडचा होता, तसाच नवीन आणून लावला, पंखा भन्नाट. संध्याकाळी जेवताना विचारते, मावशी, मायक्रोफॅरड म्हणजे काय गं? या प्रश्नाची वाट बघायची, आधीच धडा शिकवायला बसायचं नाही.

गणिताची भीती असेल तर पाण्यापासून सुरू करा, नाहीतरी आपल्याकडं नळ कधी येणार हाच घरातला मोठा विषय. १५ लिटरची बादली ५० सेकंदात भरली तर हजार लिटरची टाकी किती वेळात? पंचावन्न-छप्पन मिनिटं येतात. तिला आधी अंदाज करू दे, मग घड्याळ लावू दे, उत्तर चुकलं तर का चुकलं तेही तिलाच शोधू दे, प्रेशर कमी झालं की कुठं पाईप गळतोय.

आणि ओळखीत कुणाचा जॅकार्ड लूम, म्हणजे चादरीवर नक्षी विणणारा माग असेल तर तिला एकदा नेऊनच आणा. माझे वडील जॉबर होते, लूम बिघडला की त्यांना बोलवायचे. चादरीवरचा मोर कुठून येतो माहितेय? जाड पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं असतात, जिथं भोक तिथला हूक उभा धागा वर उचलतो, भोक नाही तिथला धागा खालीच राहतो, आणि एका कार्डावर एकच आडवा धागा विणला जातो. भोक आहे किंवा नाही, म्हणजे एक किंवा शून्य. कॉम्प्युटरच्या पंचकार्डाची कल्पना इथूनच गेली. कोडिंग क्लासला पैसे भरायच्या आधी हे दाखवा.

आता पैशाचं, कारण घरात खरी गाडी इथंच अडते. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून इंजिनीअरिंगला ॲडमिशन मिळाली आणि घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलं तर ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. मॅनेजमेंट कोट्याला नाही, आणि हॉस्टेल-मेसचा खर्च वेगळा. एआयसीटीईची (तांत्रिक शिक्षणाची केंद्रीय संस्था) मुलींसाठीची प्रगती स्कॉलरशिप पण बघा, वर्षाला ५० हजार. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर, कास्ट व्हॅलिडिटी ही कागदं अकरावीतच काढायला घ्या, बारावीच्या रिझल्टनंतर सेतूच्या रांगेत उभं राहून रडू नका. सीईटीला, म्हणजे इंजिनीअरिंगच्या प्रवेश परीक्षेला निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही हे तिला सांगून ठेवा. बारावी नको वाटली तर दहावीनंतर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा आणि तिथून डायरेक्ट सेकंड इयर, हा रस्ता अजिबात कमी नाही.

लग्नाचं काय म्हणणारे नातेवाईक येतीलच. त्यांच्याशी वाद घालत बसू नका, चहा द्या, फॉर्मची तारीख चुकवू नका.

शेवटचं, कॉलेजात काय होतं ते तिला आधीच सांगा. आमच्या वर्कशॉपला सरच म्हणायचे, मुलींनो तुम्ही जर्नल लिहा, अक्षर छान असतं तुमचं, फाइलिंग पोरं करतील. शास्त्रज्ञ कमला सोहोनींना १९३३ साली बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये बाई म्हणून सी. व्ही. रामन यांनीच आधी नकार दिला होता, मग वर्षभर प्रोबेशनवर घेतलं, तिथं आमच्या सरांचं काय घेऊन बसायचं. पहिले दोन महिने मी गुपचूप जर्नलच लिहिलं. मग एक दिवस कानस उचलली आणि व्हाइसमध्ये (लोखंडी पकडीत) घासायचा तुकडा लावला, हाताला फोड आले, काटकोन काही जमला नाही, दहापैकी पाच मार्क पडले. तो वाकडा तुकडा आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला अजून अडकण म्हणून लावलेला आहे.