नेटसीडीएफ फाइलमध्ये २ मीटर उंची आहे, पण टूलला दिसत नाही: माझा अनुभव

लक्षण असे: तापमानाच्या नेटसीडीएफ फाइलमध्ये (वैज्ञानिक डेटा साठवायचा फाइल-प्रकार) 'हाइट', म्हणजे मीटरमधली उंची, हे व्हेरिएबल आहे, किंमत २.०, तरी वाचणारे सॉफ्टवेअर तिला तापमानाचा कोऑर्डिनेट (मूल्य कुठले ते सांगणारी माहिती) मानत नाही.

उंची ग्लोबल ॲट्रिब्यूटमध्ये (पूर्ण फाइलला लागू असलेली नोंद) लिहिली, उपयोग शून्य. लांबी १ चे डायमेन्शन (डेटाचा अक्ष) जोडले, तर डेटाचा आकारच बदलला आणि जुन्या फाइलींशी जोडणी तुटली. यात दोन दिवस गेले, फार वैताग आला.

कारण साधे आहे. कोऑर्डिनेट डायमेन्शनच्या नावावरून ओळखला जातो. स्केलरला, म्हणजे 'हाइट'सारख्या एकाच किमतीच्या व्हेरिएबलला, डायमेन्शनच नसते. म्हणून सीएफ संकेतांनुसार (अशा फाइलींसाठीचे प्रमाण नियम) दुवा स्वतः द्यावा लागतो.

आधी 'हाइट' डायमेन्शनशिवाय, डबल (दशांश संख्या) प्रकारात बनवा. त्याला स्टँडर्ड नेम 'हाइट', युनिट्स 'एम' (मीटर), पॉझिटिव्ह 'अप', ॲक्सिस 'झेड' द्या. मग तापमानाच्या व्हेरिएबलवर (ग्लोबल नव्हे!) 'कोऑर्डिनेट्स' ॲट्रिब्यूटमध्ये 'हाइट' लिहा. तिथे आधीच 'लॅट लॉन' (अक्षांश, रेखांश) असेल तर 'लॅट लॉन हाइट' अशी पूर्ण ओळ लिहा, मध्ये फक्त स्पेस. स्वल्पविराम टाकला की नाव जुळत नाही. ओव्हरराइट करताना 'लॅट लॉन' पुसले जाणे ही नेहमीची चूक.

शेवटी एनसीडम्पने (फाइल मजकुरात दाखवणारी कमांड) हेडर पाहा: 'हाइट'पुढे कंस नसावा.